कागदावरचा चौथा शब्द

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून नावंसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि थोरांनी तर जरूर ऐकावी, कारण यातली चूक लहान मुलं करत नाहीत.

एक राज्य होतं. सपाटीवर राजाची प्रजा राहायची आणि तुमच्या-आमच्यासारखं बोलायची. वरच्या डोंगरात, सागाच्या जंगलात दुसरी माणसं राहायची. त्यांची बोली अगदी निराळी. दोन्ही भाषांचं दूरचंसुद्धा नातं नव्हतं.

डोंगरातली दुरकी नावाची म्हातारी दर आठवड्याला मध घेऊन खालच्या बाजारात उतरायची आणि मीठ घेऊन वर चढायची. तीस वर्षं हेच केल्यामुळे तिला खालची भाषा बोलता यायची.

राजाला नवा राजवाडा बांधायचा होता. त्यासाठी साग हवा होता. साग डोंगरात होता आणि डोंगर काही राजाचा नव्हता. राजा वाईट माणूस नव्हता, पण मनासारखा सल्ला त्याला फार आवडायचा. तसा सल्ला देणारा एक पंडित दरबारात होताच. असे पंडित कुठल्या दरबारात नसतात?

पंडित पालखीत बसून बाजारात गेला. धूळ लागेल म्हणून त्याने पडदाही वर केला नाही. आतूनच कान लावून डोंगरी लोकांचं बोलणं ऐकलं आणि ओळखीचे वाटले तेवढे शब्द कागदावर टिपून घेतले. मी, जा, दे, ना, तू, ये, का. सात शब्द, एकेका अक्षराचे. त्यांचा अर्थ काय, हे त्याने कोणालाही विचारलं नाही. अडाण्यांना काय विचारायचं?

दरबारात येऊन त्याने कागद फडकावला.

"महाराज, हे सातही शब्द आपले आहेत! म्हणजे डोंगरातली भाषा ही आपलीच मोडकी भाषा. भाषा आपली, म्हणजे माणसं आपली. कधीकाळी इथून पळालेले हे आपले चाकर. आणि चाकराचं जंगल ते धन्याचंच जंगल!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण सगळा दरबार माना डोलवू लागला. राजाने ते सातही शब्द वाचून दाखवत दवंडी पिटवली, की पौर्णिमेच्या आत डोंगरातल्या लोकांनी जंगल सोडावं, नाहीतर चाकरीला हजर व्हावं.

दुरकीने ती दवंडी बाजारात ऐकली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या जंगलात तिचे आईबाप मातीत गेले, नातवंडं जन्मली, ते एका चिटोऱ्यावर गेलं? मधाचं गाडगं काखेत तसंच घेऊन ती थेट दरबारात शिरली.

"म्हाराज, ह्ये सात शबूद तुमचे न्हाईत," ती म्हणाली. "आमी 'मी' म्हणतो ते या मधाला. 'दे' म्हंजी राख. 'जा' म्हंजी माय. मानसाचं तोंड केवढं, त्यातनं आवाज निघनार किती? दोन अनोळखी तोंडांतनं येकच आवाज निघाला तर त्यात नवल कसलं?"

पंडित हसला. "अडाणी तोंडात गेले की अर्थ बिघडतात. शब्द मात्र आमचेच."

"आसं?" दुरकी म्हणाली. "मग कावळा रोज 'का, का' करतोय, त्यो बी तुमचीच भाषा बोलतोय. मंग त्याचं घरटं बी दरबारात जमा करा की!"

"कावळा पक्षी आहे. पक्ष्याला भाषा असते का?"

"आनि आमाला?"

राजाने खाली पाहिलं. दुरकीने तेवढ्यात गाडगं खाली ठेवलं आणि दोन्ही हात कमरेवर घेतले.

"मला वाद घालायचा न्हाई. तुमच्यातली शीव चालायची रीत हाय न्हवं? मंग ह्या पंडितास्नी चालू द्या आमची शीव."

ती रीत खरोखरच होती. जमिनीवर हक्क सांगणाऱ्याने त्या जमिनीची माती डोक्यावर घेऊन, अनवाणी, तिची शीव, म्हणजे हद्द, चालायची. शेवटी तिथल्या माणसांकडे, तिथल्याच बोलीत, स्वतःच्या तोंडाने पाणी मागायचं. खुणा करायच्या नाहीत, दुभाष्या घ्यायचा नाही. पाणी मागता आलं तर हक्क खरा. राजाच्या आजोबांनी अशीच शीव चालून गड मिळवला होता. राजा नाही म्हणूच शकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडित डोक्यावर माती घेऊन निघाला. मागे राजा, त्यामागे दुरकी. पालखीत वाढलेल्या पायांना दगड टोचू लागले. ऊन चढलं. दावेदाराने पाणी मागेपर्यंत राजानेही पाणी प्यायचं नाही, असा दंडक होता. दोघांच्याही घशाला कोरड पडली.

अखेर झरा आला. भोपळ्याची भांडी घेऊन डोंगरातल्या बाया तिथे उभ्या होत्या. झुळझुळ वाहणारं पाणी चार पावलांवर होतं.

"पाणी!" पंडित ओरडला. बाया नुसत्या बघत राहिल्या.

"जल! उदक! नीर! तोय!" पाठ केले होते तेवढे सगळे कोश त्याने रिते केले. एकीचाही हात हलला नाही. त्याने अंगठा तोंडाशी नेला, तसा राजानेच त्याचा हात खाली दाबला.

"खूण नाही. भाषा आपलीच आहे म्हणता, पंडित? मग मागा."

पंडित झऱ्याकाठी मटकन बसला. डोक्यावरची माती घामाबरोबर गालांवर ओघळली. तो पुटपुटला, "मला येत नाही."

"दावा संपला," राजा म्हणाला. "आणि चूक एकट्याची नाही. मला साग हवा होता, म्हणून मला हा कागद खरा वाटला."

दुरकीचा राग अजून उतरला नव्हता. पण दारी आलेल्याला तहानलेलं ठेवायची डोंगरात पद्धत नव्हती.

"कागूद काढा," ती पंडिताला म्हणाली. "चौथा शबूद वाचा. मोठ्यानं."

पंडिताने कागद उलगडला. "ना," तो म्हणाला.

पुढची बाई लगेच वाकली. तिने भोपळा काठोकाठ भरला आणि त्याच्या ओंजळीत ओतला. मग राजाच्या.

पंडित पाणी प्यायला. मग कागदाकडे बघतच राहिला.

"आठ दिस पानी तुमच्या कनवटीला व्हतं, पंडितजी," दुरकी म्हणाली. "म्हंजी काय, येवढंच कुनाला तरी इचारायचं व्हतं. त्ये बी जमलं न्हाई, आनि निघाले आमचं घर घ्यायला!"

राजाने तिथेच दवंडीचं फर्मान फाडलं. नवा राजवाडा सागाशिवाय बांधला गेला, आणि तो काही पडला नाही. पंडिताला मात्र राजाने त्याच कागदाचं काम दिलं. सातही शब्दांचे अर्थ स्वतः डोंगरात जाऊन, खाली बसून विचारायचे आणि समोर लिहून आणायचे. तोवर दरबार नाही आणि पालखीही नाही.

म्हणतात, की 'म्हणजे काय' हे पहिल्यांदा विचारायला पंडिताला आठ दिवस लागले. बाकीचे अर्थ एका दुपारीत कळले.

तात्पर्य: शब्द ओळखीचा वाटला म्हणून त्याचा अर्थ आपला होत नाही, तो विचारावाच लागतो.