येसाजी बुरुडाची डोली

टेपवाडीसारखी वाडी साऱ्या मुलखात नाही! आता, एवढ्या उंचावर दुसरं कोणी शहाणं राहायला गेलंच नाही, ते सोडा.

फार फार वर्षं झाली. आजच्या म्हाताऱ्यांनाही तेव्हा दात यायचे होते. वाडीला रस्ता नव्हता. सरकारी दवाखाना खाली नदीकाठी, खिंड ओलांडून. वाडीनं अर्ज केला, आजाऱ्यांसाठी गाडी द्या. उत्तर आलं, गाडी मंजूर आहे, रस्ता झाला की येईल. मग दरवर्षी एक साहेब यायचा, दगडांवर चुन्याचे पट्टे ओढायचा, नाचणीची भाकरी खायचा आणि जायचा.

त्या वाडीत येसाजी नावाचा बुरूड होता. तो टोपल्या विणायचा आणि बढाया मारायचा, आणि दोन्हीत त्याचा हात कोणी धरत नसे. शेजारी कोंडाबाई. दोघांच्या कुंपणावर एक फणस उगवला होता. तो कोणाचा, यावरून बारा वर्षं अबोला. काही सांगायचंच झालं तर येसाजी आपल्या कुत्र्याला सांगायचा आणि कोंडाबाई कोंबडीला. तेही वाडीभर ऐकू जाईल असं.

एकदा बाजाराच्या दिवशी येसाजी सोडून सगळे गडी खाली गेले होते, आणि भर दुपारी कोंडाबाईची सून पारू अडली. सुईणीनं हात टेकले. "खाली न्या," म्हणाली, "नाहीतर दोन्ही जीव जातील."

कोंडाबाई अंगणात आली. "कोंबडे," ती म्हणाली, "सून मरतेय गं माझी." आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ती हळू बोलली.

कुंपणापलीकडे येसाजीनं ते ऐकलं. त्यानं इकडं पाहिलं नाही, तिकडं पाहिलं नाही, आपल्याच घराच्या आढ्याचा बांबू उपसला! मागं छप्पर धाडकन बसलं, त्यानं मान वळवली नाही. "दोर आणा! गोधड्या आणा!" तो ओरडत सुटला. ज्या घरात एकच गोधडी होती, त्या घरानं तीच दिली, असं म्हणतात. झोळी बांधली, पारूला आत निजवलं. पुढं येसाजी. मागं कोण? म्हाताऱ्यांनी आपापले गुडघे दाखवले. कोंडाबाईनं पदर खोचला.

आता डोलीची रीत अशी, की मागच्याला पायाखालचं दिसत नाही. म्हणून पुढच्यानं वाट सांगायची आणि मागच्यानं 'हो' म्हणायचं. पण अबोला मोडायचा कोणी?

"पारू," येसाजी म्हणाला, "तुझ्या सासूला सांग, डावीकडं खड्डा आहे."

"आत्याबाई, डावीकडं ख... आई गं!"

तेवढ्यात कोंडाबाईचा पाय खड्ड्यात! डोली कलंडली, पारू किंचाळली, "मामा, मी बाळंत होऊ का निरोप पोचवू? थेट बोला!"

येसाजी पुढं बघतच ओरडला,

"दगड!"

मागून आलं, "हो!"

"उतार!"

"हो!"

आणि काय सांगावं, डोली सुटली! असं म्हणतात, की करवंदीच्या जाळ्यांनी काटे आत ओढून घेतले. खिंड म्हशीसारखी खाली बसली आणि डोली गेल्यावर पुन्हा उठली. दवाखान्याच्या ओट्याला टेकते न टेकते तोच पोरगी जन्मली, आणि तिनं पहिल्याच दमाला 'हो!' म्हटलं, असं म्हणतात.

परतताना येसाजीनं तो वाळका बांबू खिंडीत रोवला. त्याला पालवी फुटली. आज तिथं बांबूचं बेट आहे.

आता रस्ता आहे, गाडीही येते, तिच्या मनात आलं तर. पण टेपवाडीची डोली कुणाला विचारून निघत नाही. दरवर्षी त्या बेटातून नवा बांबू तोडतात. घरटी एक गोधडी आणि एक खांदा. ज्या दोघांचा अबोला असेल, त्यांची पाळी पहिली, एकाच डोलीला. आणि बांबू तोडला, की वाडीतला सगळ्यात बढाईखोर पुढं होतो आणि छाती काढून येसाजीचं दवाखान्यातलं बोलणं बोलतो, "दोन जीव खाली आणले! एकट्यानं!"

मग साऱ्या बाया एका सुरात कोंडाबाईचं बोलणं बोलतात:

"आणि मागचं टोक काय माझ्या फणसानं धरलं होतं?"