चांदणक्षार आणि न विसरणारे तळे

एका राज्यात एक तळे होते. त्यात एकदा डोकावलेला चेहरा ते कधी विसरत नसे. राजकन्या शाल्मली रोज सकाळी काठावर बसे, आणि पाण्यात तिच्या शेजारी तिची दिवंगत आई हसे. ओले केस, कपाळावर निसटलेली एक बट.

त्या राज्यात पाहुणा आला, की दारातल्या हिरवळीवर खताच्या चूर्णाची मूठ उधळायची रीत होती. चूर्णात चांदणक्षार असे. त्याने गवत चमके, आणि जितकी चमक तितका मान. शाल्मलीनेही हौसेने मुठी उधळल्या होत्या. पण पाऊस ते सारे तळ्यात नेई. त्या क्षारानेच अखेर तळ्याला शाप लागला. पाण्यावर शेवाळाची जाड गोधडी पसरली आणि आई दिसेनाशी झाली.

"मासे दिसत नाहीत, राजकन्ये," खंड्या पक्षी चिडून म्हणाला. "आता मी काय तुमची हिरवळ चरू?"

राजा गरजला, "त्या चूर्ण करणाऱ्या मांत्रिकाच्या भट्ट्या विझवा!"

"नको, बाबा. लोक चोरून दुसरीकडून आणतील. मी त्याच्याशी बोलते."

मांत्रिक धूम्रकेशाने राखेने माखलेले हात झटकत ऐकून घेतले. "क्षार वगळीन. पण गवत पिवळे पडून खप बुडाला, तर माझे कारागीर खातील काय? तीन गोष्टी करून दाखव. क्षाराविना गवत हिरवे ठेव. लोकांची पाहुण्यागणिक मूठ थांबव; वर्षातून एकदा विकले तरी मला पुरे. आणि काठावरची राजाची हिरवळ काढून तिथे लव्हाळे वाढू दे. वाहून येणारे तेच अडवतात."

पहिले सोपे निघाले. मातीच्या पोटात जुना क्षार भरपूर होता. धूम्रकेशाने साधे चूर्ण करून दिले, गवत हिरवेच राहिले. मग खंड्या दारोदार ओरडत फिरला, "पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवा, गवताचे पोट भरले आहे!" लोक हसले. धूम्रकेशानेही पोत्यांवर मोहोर उमटवली: 'वर्षातून एकदा, उघडीप पाहून.' मुठी थांबल्या.

तिसरे मात्र राजापाशी अडले.

"माझी हिरवळ? ती पाहायला परराज्यांतले राजे येतात!"

शाल्मलीने त्याला काठावर नेले. "बाबा, आईला शेवटचं कधी पाहिलंत?"

राजाने शेवाळाकडे पाहिले. मग तो वाकला, आणि गवताचा पहिला गड्डा त्याने स्वतःच्या हाताने उपटला.

लव्हाळे गुडघाभर झाले, मग कमरेला लागले. एके सकाळी खंड्याने सूर मारला आणि चोचीत मासा धरून वर आला. शाप सुटला होता. स्वच्छ पाण्यात शाल्मली दिसली, राजा दिसला, आणि दोघांच्या मधोमध ओले केस, निसटलेली बट.

"बाबा, तुम्ही किती म्हातारे झालात," शाल्मली हळूच म्हणाली. "ती मात्र तशीच आहे."

राजाने पाण्याला हात लावला नाही. ते हलले असते.

त्यांचे तळे निवळले, तसे तुमचे-आमचेही निवळो.