बोरदऱ्याची आधणबाई

फार वर्षं झाली. एक महायुद्ध सरलं होतं, दुसऱ्याची कुणाला कल्पना नव्हती, तेव्हाची गोष्ट. बोरदऱ्यात तेव्हा बाळ जन्मायचं, पाच दिवस नीट प्यायचं, आणि सातव्या दिवसाच्या आत त्याचा जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं वाकायचं. सटवाई पाचवीला कपाळावर लिहायला येते, आणि आमच्या गावात ती थोडंच लिहिते, असं म्हणत.

गावाचा एक विळा होता. त्यानंच सगळ्यांची नाळ कापायची, पाचवीला तोच पुजायचा, मग बाळाच्या बेंबीला टेकवायचा. धुवायचा मात्र नाही. धुतला तर सटवाईचा लेख पुसतो, असं म्हणत.

गोजराची दोन बाळं अशी गेली होती. तिसऱ्यांदा तिचे दिवस भरत आले, तेव्हा तालुक्याला नवा दवाखाना निघाला. दोन खोल्या, सहा खाटा आणि सगुणाबाई नावाची नर्स. घाट चढून बाळंतपणाला कुणी जाईना, म्हणून नर्सच घाट उतरून आली. देवळाच्या पारावर बायका जमवून तिनं सांगितलं, विळा उकळा, कापडं उकळा, नाळेला राख लावू नका.

तानाई सुईण पदर तोंडाला लावून म्हणाली, "इळ्याची आमटी करतीस व्हय बाई? मीठ किती घालू?"

बायका खो खो हसल्या. गोजराला हसू आलं नाही.

"सटवाई रागावली तर?" तिनं हळूच विचारलं.

"तिला लिहू दे की," सगुणाबाई म्हणाली. "लेखणी तेवढी उकळून दे."

गोजराला मुलगी झाली. सगुणाबाईनं विळा उकळून तानाईच्याच हातानं नाळ कापवली. पुढच्या गावात पटकीची साथ लागली होती, तिकडं निघताना ती म्हणाली, "पाचवीचा दिवस मावळेपर्यंत विळा आधणातच राहू दे. कुणीही मागू दे, काढायचा नाही."

पाचवा दिवस उजाडला. सुगी होती, माणसं रानात. टळटळीत दुपारी गावातली कुत्री एकदम गप्प झाली. गोजरानं मान वर केली, तर दारात एक बाई उभी. हिरवं लुगडं, पायाला धुळीचा कण नाही, उजव्या हाताच्या बोटाचं टोक शाईनं काळं.

"माजा इळा दे."

देवीला नाही कसं म्हणायचं? पण दोनदा न धुता तिच्यापुढं ठेवला होता, तेव्हा काय झालं?

"आधनात हाय," ती म्हणाली. "निवला की देते."

"थांबते," म्हणून ती उंबऱ्याबाहेर बसली.

गोजरानं जाळ घातला. सरपण संपलं, शेणी संपल्या. आधीच्या दोघांचा पाळणा माळ्यावर होता, तो तिनं मोडून घातला. ऊन भिंतीवर चढलं, तरी मावळेना. शेवटी चूल विझली. गोजरा मुलीला पोटाशी धरून बसली, आणि भांड्याकडं बघायचा तिला धीर होईना.

पण पाणी खदखदतच होतं. गार राखेवर, जाळाशिवाय. आणि घरभर दवाखान्याच्या साबणाचा वास सुटला.

दारातली बाई कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग उठली. "आता न्हाई हे निवायचं," असं पुटपुटत नदीकडं चालू लागली.

त्याच वेळी त्या पुढच्या गावात सगुणाबाई पटकीनं गेली, असं म्हणतात. तेव्हापासून गाव तिला आधणबाई म्हणतं. गोजराची मुलगी मात्र पुढं नव्वद वर्षं जगली.

आता बोरदऱ्याच्या बायका बाळंतपणाला आरोग्य केंद्रात जातात. गाडी निघाली की मागं राहिलेल्या बायका आधणबाईच्या नावानं पातेलं चढवतात, त्यात विळा टाकतात, आणि सुटकेचा फोन येईपर्यंत आच कमी करत नाहीत. शहरातून आलेल्या शिकल्यासवरल्या सुना हसतात. हसता हसता सिलिंडर हलवून बघतात.

तेवढ्यात कुणी दार वाजवलं, तर कडी काढण्याआधी आतून उत्तर जातं, "इळा आधनात हाय."

बाहेर शेजारीण असली, तर ती म्हणते, "माजा न्हाई गं, उघड."

आणि कधी कधी, असं म्हणतात, बाहेरून कुणीच काही बोलत नाही. मग ते दार उघडत नाहीत.