सुभानाची घोंगडी

एका राज्यात, जिथं कुरण संपतं आणि डोंगर सुरू होतो तिथं, सुभाना नावाचा गाईवाला राहत होता. सारा जन्म त्याचा गाईंमागं गेला. कुण्या बाळंतिणीला दूध आलं नाही की सुभाना न बोलावता जायचा, आपली दुभती गाय तिच्या दारात बांधायचा, आणि मूल भात खाऊ लागल्यावरच परत न्यायचा. कुणाची गाय वेताला अडली की धावायचा. वासरू बाहेर आलं की आपल्या घोंगडीनं पुसून कोरडं करायचा. ती घोंगडी त्याच्या बायकोनं, यमुनेनं विणलेली. यमुना गेली, घोंगडी राहिली. राज्यातलं एकूणएक वासरू तिच्यात पुसलेलं.

दिवस कलला की सुभाना फाटकाशी उभा राहून साद घालायचा, "ये गंऽऽ, होऽऽ!" आणि कळप घरी यायचा.

राजाच्या मनात आलं, या माणसाचा मान करावा. जुन्या विहिरीत त्याला सोन्याच्या घंटा सापडल्या होत्या, त्या त्यानं पाठवल्या नाहीत, स्वतः घेऊन आला.

"महाराज, गाईला सोनं काय करायचंय?"

"गाईला नसेल, मला करायचंय. नाही म्हणू नकोस, सुभाना."

राजाचा शब्द मोडवेना. सुभानानं आपल्याच हातानं गाईंच्या गळ्यात घंटा बांधल्या.

त्या घंटा होत्या धूम्रकेश जादूगाराच्या. ज्याच्या गळ्यात पडतील, त्याला त्यांच्या नादाखेरीज काही ऐकू येऊ नये, असा त्यांना शाप. वासरं हंबरली, गाईंनी मान वळवली नाही. नादामागं चालत कळप डोंगरापलीकडं जादूगाराच्या अंगणात गेला. त्याच घटकेला राज्यातला पान्हा आटला. गाईंचा आटला, तसा आयांचाही आटला.

सुभानाची लेक केवडा तेव्हा ओली बाळंतीण. पोरीला छातीशी धरायची, पोर ओढायची, रडायची. मग नुसतेच ओठ हलवू लागली.

"आबा, ही आता रडतसुद्धा नाही हो. रडत होती तेच बरं होतं."

सुभानानं खांद्यावर घोंगडी टाकली, हातात काठी घेतली आणि निघाला. बांधावरची टिटवी म्हणाली, "वाट मी दाखवते. पण पाय उचल, म्हाताऱ्या! माझी पिल्लं अंड्यातून निघाल्या निघाल्या याहून भराभर चालतात."

"त्यांचे गुडघे नवे आहेत, बाई."

आधी नदी आडवी आली. म्हणाली, "उतार हवा तर तुझा आधार दे." सुभानानं काठी दिली. नदी दुभंगली.

मग खिंडीत वारा आडवा आला. "मला नुसतं घोंघावता येतं. तुझा आवाज दे." सुभाना थबकला. आवाज दिला तर गाईंना हाक कशी मारणार? पण वाटच नाही मिळाली तर हाक तरी कुणाला मारणार? त्यानं घराकडं तोंड करून एकदा साद घातली. वाऱ्यानं ती उचलली, आणि सुभाना मुका झाला.

शेवटी जादूगाराचं अंगण आलं. धूम्रकेश हसला. "गाठ हातानं सोडशील तर दगड होशील. गाय मायेनं वाकली तरच घंटा गळेल. मार हाक!"

सुभानानं तोंड उघडलं. आवाज कुठला? समोर मोरी गाय उभी होती, यमुनेनं मांडीवर घेऊन वाढवलेली. तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती.

सुभानाला वाटलं, हिचे कान मिटलेत, नाक तर नाही. त्यानं घोंगडी काढली. क्षणभर गालाशी धरली. तिच्या काठाला अजून यमुनेची वीण होती. मग मोरीच्या पायाशी अंथरली.

मोरीनं हुंगलं. तिची सारी वासरं त्या लोकरीत होती. मोरी वाकली, चाटू लागली, आणि घंटा खाली पडली. एकेक गाय आली, वाकली, चाटून गेली. शेवटची घंटा पडली तेव्हा धूम्रकेशाचा धूर झाला होता, आणि घोंगडीचा एक धागाही उरला नव्हता.

मोरी हंबरली. तिकडं घरी केवडाची चोळी ओली झाली.

कळप परतला. राजानं पडलेल्या घंटा आणवल्या, विहिरीत टाकून विहीर बुजवली आणि सुभानाच्या फाटकाशी मान खाली घालून उभा राहिला. सुभानानं त्याला तांब्याभर दूध दिलं.

पुढं रोज सांजेला खिंडीतला वारा सुभानाच्या आवाजात साद घालायचा आणि गाई वळायच्या. सुभाना ऐकत उभा राहायचा, हात रिकाम्या खांद्यावर. घोंगडी तिथं नाही हे हाताला कळतच नव्हतं.

एका सांजेला वारा पडला. गाई उतारावरच थांबल्या. सुभानानं तोंड उघडलं, मिटलं.

केवडाच्या कडेवर पोर होती, तोंडाला भात चिकटलेला. पोर डोंगराकडं बघून म्हणाली, "ये गंऽऽ, होऽऽ!"

"आबा! हे हिला कुणी शिकवलं?"

सुभानानं पोरीला घेऊन खांद्यावर बसवलं, घोंगडी असायची तिथं. मोरीनं मान उचलली. गाई घराकडं निघाल्या, आणि त्यांच्या मागोमाग आपली गोष्टही घरी आली.