डोहाची हद्द

जंगलांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका डोहाकाठी पाणमांजरांचं बिऱ्हाड होतं आणि पलीकडच्या माळावर दांडगोबा नावाचा गवा राहायचा. दोघांची घट्ट मैत्री. रानकुत्र्यांची चाहूल लागली की पाणमांजरं शीळ घालून त्याला सावध करायची आणि तो धावत येऊन कुत्र्यांना पिटाळून लावायचा.

एका उन्हाळ्यात माळ करपला. दांडगोबाला वाटलं, हा डोह राखतो मी, मग तो माझाच का नसावा? काठावरच्या जांभळीला शिंगं घासून त्याने आपली हद्द आखली आणि तो खुशाल पाण्यात बसला.

त्याला पाहून पाणमांजरांची पिल्लं बिळात पळाली.

"अरे, मीच आहे की!" तो गोंधळून म्हणाला.

पिल्लांची आई उदी बाहेर आली. "दांडगोबा, तू कधीही ये, हवं तेवढं पाणी पी. पण घर आमचं आहे. तेच घेऊ लागलास, तर तुझ्यात आणि रानकुत्र्यांत फरक काय, हे पिल्लांना कसं सांगू?"

दांडगोबाला राग आला. पण बिळाच्या तोंडाशी थरथरणारी इवलीशी नाकं दिसली आणि तो पाण्यातून उठला. मान खाली घालून तो माळावर परतला.

दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर तो पुन्हा आला, पण काठाबाहेरच थांबला.

"उदीताई, येऊ का?"

"ये रे बाबा," उदी हसली. "आणि विचारलंस म्हणून सांगते, त्या खडकामागचं पाणी जास्त गार आहे."