वैद्याचं माप

फार फार जुनी गोष्ट. आपल्या पणजोबांनाही ती जुनीच वाटायची. एका गावाचा पाटील मोठा हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

गावाची रीत मात्र चांगली होती. सुगीला प्रत्येक घर सामाईक कोठारात धान्य टाकी. कुणी आजारी पडलं की वैद्याचं देणं त्यातून भागे, म्हणून गरिबाच्या पोरालाही औषध मिळे. वैद्याला कसं द्यायचं, ते पाटील ठरवी.

"दर काढ्याला एक माप ज्वारी," पाटील म्हणाला. झालं! शिंक आली की काढा, जांभई आली की काढा. कोठाराचा तळ दिसू लागला.

पाटलीणबाई हसून म्हणाल्या, "अहो, काल वैद्यबुवा आपल्या बैलाचीही नाडी बघत होते."

पाटलाला ते झोंबलं. "आता बघच माझी अक्कल! दर घरामागे वर्षाचं धान्य एकदम देऊन टाकतो. मग वैद्यबुवा काढे देवोत, न देवोत."

काढे थांबले. कोठार भरलेलं राहिलं. पाटील मिशीला पीळ देत हिंडू लागला.

त्याच हिवाळ्यात पाटलीणबाईंना ताप चढला. वैद्याकडे निरोप गेला. उत्तर आलं, "उतरेल आपोआप." पुन्हा निरोप, पुन्हा तेच उत्तर. पाटलीणबाई माणसं ओळखेनाशा झाल्या, तेव्हा पाटलाचं धाबं दणाणलं. तो अनवाणीच धावला. वैद्य ओसरीवर निवांत पान लावत होता.

"वैद्यबुवा, घरात माणूस चाललंय! लाज नाही वाटत?"

वैद्याची मान खाली गेली. "वाटते, पाटील. पण खरं सांगू? काढ्याला धान्य होतं, तेव्हा मी काढे पाजले. बसल्या जागी मिळू लागलं, तेव्हा बसलो. माणूस बरं झाल्याचं माप तुम्ही कधी ठेवलंच नाहीत."

एवढं बोलून वैद्यानं औषधांचा बटवा उचलला आणि ताप उतरेपर्यंत तो बाईंच्या उशापासून हलला नाही.

मग पाटलानं चावडीवर नवी रीत सांगितली. "वैद्याच्या पोटापुरतं धान्य घरामागे मिळेल. वरचं माप कोठारातलंच, पण ते बरा झालेला माणूस स्वतःच्या पायांनी येऊन वैद्याच्या सुपात ओतेल."

"आणि जो बरा होण्यासारखाच नाही, त्याचं काय?" वैद्यानं विचारलं. "अशानं त्याच्या दारी कोण जाईल?"

पाटील या वेळी घाईनं बोलला नाही. विचार करून म्हणाला, "त्याच्या घरचे ओततील, वैद्य शेवटपर्यंत सोबत होता म्हणून."

पहिलं माप ओतायला पाटलीणबाई निघाल्या. पाय लटपटत होते. पाटलानं हात पुढे केला.

"हात नका लावू हो!" त्या म्हणाल्या. "माझ्याच पायांनी गेलं पाहिजे, नाहीतर वैद्यबुवांचं माप बुडेल." आणि त्यांनी सुपात ज्वारी शिगोशीग ओतली.

तात्पर्य : ज्याचं माप भराल, तेच पदरात पडेल.