दगडू कासवाची जीप

रानात पहिली जीप आली तेव्हाची गोष्ट. तळ्याकाठी दगडू नावाचं कासव राहायचं. तळ्यावर पाणी भरायला येणारी ती जीप त्याची मुलगी शेवंती रोज डोळे भरून पाहायची. तिच्या वाढदिवसाला तश्शीच छोटी लाकडी जीप करून तिला चकित करायचं, असं दगडूने ठरवलं.

मोजपट्टी नव्हती, म्हणून त्याने तळ्याकाठी उभ्या जीपची आपल्या मानेने मापं घेतली. मोठ्या जीपची एक मान म्हणजे छोट्या जीपचं एक पाऊल, असं प्रमाण धरलं. डाव्या बाजूची चाकं चार-चार माना भरली. तो उजवीकडे गेला आणि जीपमध्ये बसलेला ड्रायव्हर शिंकला. घाबरून दगडूची मान निम्मी आत गेली, त्यामुळे तिकडची चाकं आठ-आठ माना भरली.

"जीपला एका बाजूला मोठी चाकं असतात," त्याने खेकडा सुताराला सांगितलं. खेकडा स्वतःच तिरका चालायचा. त्याला यात काही वावगं वाटलं नाही.

वाढदिवशी दगडूने जीप ढकलली, तर ती गोल वळून त्याच्याच पायाशी आली. तीनदा ढकलली, तीनदा परत आली.

"चुकलं माझं, पोरी," दगडू खालच्या आवाजात म्हणाला. "उद्या सरळ जाणारी करून देतो."

"नको बाबा," शेवंती म्हणाली. "ती मोठी जीप सरळच जाते, म्हणून रोज निघून जाते. मी हिच्यात बसते, तू ढकल."

दगडूने ढकललं. शेवंती तळ्याकाठाने भलामोठा वळसा घेऊन बाबासमोर येऊन थांबली.

"पुन्हा," ती म्हणाली.